पाय मोडका ट

आमच्या चित्रकथेतला कंडक्टर पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याच्या तोंडून भलतंच काहीतरी बाहेर पडलं. मी लिहिलं होतं, ‘तिकीट बोला, सुट्टे द्या!’ संवादाच्या फुग्यात उमटलं ते वेगळंच. ‘तिकीट’मधली पहिली वेलांटी त ला सोडून शेजारच्या क च्या डोक्यावर जाऊन बसली होती. म्हणजे त बोडका आणि क ला दोन वेलांट्या. ‘सुट्टे’मधला पहिला ट पाय मोडून पडलेला. ‘द्या’चे तर दोन तुकडे झाले होते. मुक्ता खुर्चीत मागे रेलली आणि म्हणाली, “वहिनी, हा पिऊन ड्यूटीवर आलाय.”

मुक्ता माझी नणंद. शिकवण्या घेते. चित्रकलेचं तिचं शिक्षण म्हणजे शाळेत दिलेली एलिमेंटरीची परीक्षा, आणि तीही सी ग्रेड. इंटरमिजिएटला बसायच्या आधीच तिनं वॉटर कलरची पेटी भावाला देऊन टाकली होती. मी चिपळूणच्या एका पतसंस्थेत कारकून. चित्र म्हणाल तर मला ठिपक्यांची रांगोळी येते, तीसुद्धा ठिपके मोजून. आम्हा दोघींना चित्रकथा करायची बुद्धी कुठून झाली, ते सांगते.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आमचं तळमजल्याचं घर छतापर्यंत बुडालं. भांडीकुंडी, गाद्या यांचं नंतर होत राहतं. फोटोंच्या अल्बमचं मात्र काही झालं नाही. चिखलात भिजून सगळी पानं एकमेकांना चिकटली आणि त्यांची एक वीट झाली. मुक्तानं सुरीनं एकेक पान सोडवून पाहिलं. चेहऱ्यांचा रंग प्लॅस्टिकला लागून यायचा, कागद कोरा राहायचा. त्यातच अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, खाकी गणवेशातला एकुलता एक फोटो गेला. अण्णा एसटीत कंडक्टर होते, चिपळूण आगारात. एकतीस वर्षं नोकरी करून २००४ला निवृत्त झाले. फोटो गेल्याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही, मुक्ताला मात्र लागलं. एका संध्याकाळी शिकवणीच्या वहीच्या मागच्या पानावर तिनं त्यांना आठवणीतून काढलं. ते अगदी पोस्टमन दिसत होते.

“बॅग चुकली,” अण्णा म्हणाले. “आणि हातात चिमटा कुठाय गो माझा?”

चिमटा म्हणजे तिकिटाला भोक पाडायचं ते हत्यार. तो आला, मग तिकिटांचा ट्रे आला, मग गाडीच्या छताखालून जाणारी घंटीची दोरी. चित्र सुधारता सुधारता अण्णा त्या दोरीची गोष्ट सांगायला लागले. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. आम्ही चित्रकथेचं नाव तिथंच ठरवून टाकलं: ‘डबल बेल’. हे झालं सप्टेंबर २०२२मध्ये. पहिला भाग लोकांसमोर आला तो पुढच्या मे महिन्यात. मधल्या आठ महिन्यांत आम्ही काय काय करून ठेवलं, त्याची ही हकिगत. शहाण्यानं यातल्या निम्म्या गोष्टी टाळाव्यात.

पहिली गोष्ट निवडली ती कोंबड्याची. कराडच्या रात्रीच्या गाडीत एक म्हातारा पिशवीत जिवंत कोंबडा घेऊन बसतो, कंडक्टर लगेजचं तिकीट मागतो, म्हातारा ‘पिशवीत भाजी आहे’ म्हणून अडून बसतो आणि नेमका कुंभार्ली घाटात कोंबडा आरवतो. एवढंच. मी त्यावर चौदा पानं लिहिली. एकांकिका लिहावी तशी. मुक्तानं वाचली आणि शब्द मोजले. एका चौकटीत मी सेहेचाळीस शब्द घातले होते. “वहिनी, चित्र कुठं काढू? शब्दांच्या मागे?” तिनं विचारलं. मला राग आला. माझी वाक्यं चांगली होती हो! म्हाताऱ्याच्या तोंडी मी घातलेली ती भाषा, ते हेल... मी एकही शब्द कमी करायला तयार नव्हते. आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. स्वयंपाकघर एकच असल्यामुळे ते फार अवघड गेलं.

मग पतसंस्थेतल्या रद्दी कागदांच्या पाठीवर आम्ही आगपेटीएवढ्या चौकटी आखून गोष्ट मांडायला घेतली. काड्यांची माणसं, बस म्हणजे एक डबा. हे काम आधीच करायला हवं होतं. चौदा पानं लिहिण्याच्याही आधी. छोट्या चौकटीत लबाडी लपत नाही. तीनदा तेच चित्र येतंय, दोन माणसं नुसती समोरासमोर बसून बोलताहेत, हे एका नजरेत कळतं. एकसष्ट चौकटी होत्या, त्यातून चौतीस उरल्या. संवादांना मी तरी हात लावला नव्हता. चौकटी गेल्या म्हणून त्यांतले संवाद उरलेल्या चौकटींत ढकलले, एवढंच.

पेन टॅब्लेट जुना मिळाला, बत्तीसशे रुपयांना. स्क्रीन नसलेला, काळ्या पाटीसारखा. त्याची गंमत अशी की हात चालतो टेबलावर आणि रेघ उमटते समोरच्या पडद्यावर. मुक्ताचा हात आणि डोळा यांची आठवडाभर गाठच पडेना. गोल काढायला गेली की बटाटा. रोज रात्री अर्धा तास नुसते गोल आणि उभ्या आडव्या रेघा, पहिलीतल्या पोरासारख्या. साधारण तिसऱ्या आठवड्यात बटाट्याचा लिंबू झाला. मग तिला सॉफ्टवेअरमधले ब्रश सापडले. पेन्सिलीचे, शाईचे, जलरंगाचे, पावसाचे, ढगांचे, गवताचे. दोन आठवडे ती फक्त गवत काढत होती. आमच्या गोष्टीत गवत नव्हतं. शेवटी एक ब्रश ठरवला, दोन जाड्यांचा: माणसांना जाड, मागच्या गोष्टींना बारीक. बाकीचे लपवून टाकले.

अण्णांचं नाक हा वेगळा अध्याय. प्रत्येक चौकटीत ते बदलायचं. पहिल्या चौकटीत पोपटाचं, तिसऱ्यात भज्यासारखं, सहाव्यात अजिबात नाहीच. म्हणून मुक्तानं एक तक्ता केला. समोरून, बाजूनं, अर्धवट वळलेला, खाली बघणारा, ओरडणारा, अशी अण्णांची नऊ तोंडं कागदावर काढून भिंतीला लावली. त्यातूनही पक्कं काय ठरलं, तर मिशी, टोपी आणि खांद्यावरची चामडी बॅग. ती पूर्ण माणूस काळा रंगवून बघायची. नुसत्या काळ्या सावलीवरून हा कंडक्टर आणि हा म्हातारा असं ओळखता आलं तर चित्र पास. नाक मग कसंही असो. कोंबडा मात्र तिला पहिल्या दिवसापासून झकास जमला. माणसांपेक्षा पक्षी बरे, असं तिचं मत आहे. त्यात शिकवणीच्या पोरांचाही वाटा असावा.

आधी ती आठशे पिक्सेल रुंद कॅनव्हासवर काढत होती, कारण शेवटी चित्र फोनवर तेवढंच दिसणार. सहा चौकटी झाल्यावर कळलं की त्या मापात बारीक रेघेला जिन्यासारख्या पायऱ्या पडतात. दुप्पट मापात काढून नंतर निम्मं करायचं, म्हणजे रेघ गुळगुळीत येते. सहा चौकटी पुन्हा काढल्या. दुप्पट मापाची, दहा हजार पिक्सेल लांब फाइल आमच्या चार जीबीच्या कॉम्प्युटरला झेपेना. तो कुंथायला लागायचा आणि पडदा पांढरा पडायचा. एकदा सगळ्या रात्रीचं काम गेलं. तेव्हापासून भागाच्या पाच फायली आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह. मी बाजूला बसून घड्याळ बघायचे आणि ‘सेव्ह’ म्हणून ओरडायचे. तेवढंच माझं त्या काळातलं योगदान.

एक अडचण मात्र अशी आली की तिच्यावर आम्ही महिनाभर घासाघीस केली. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. त्यामुळे चित्रात पुढे जाणारी गोष्ट उजवीकडे गेलेली डोळ्याला बरी वाटते. डावीकडे तोंड केलेली गाडी परत चालल्यासारखी दिसते. म्हणजे आमची कराडला निघालेली एसटी उजवीकडे तोंड करून हवी. पण आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगानं चालतात आणि एसटीत चढायचं दार गाडीच्या डाव्या बाजूला. गाडी उजवीकडे तोंड करून काढली की आपल्याला दिसते ती ड्रायव्हरची बाजू, दार पलीकडे जातं. आणि आमची निम्मी गोष्ट तर दारात घडते! म्हातारा पिशवी घेऊन चढतो दारात, कंडक्टर त्याला अडवतो दारात. दार दाखवायचं तर गाडी डावीकडे तोंड करून हवी, म्हणजे वाचणाऱ्याला ती परतीची वाटणार.

तोड निघाली ती फोनमुळे. फोनवर माणूस वर-खाली सरकतो, आडवा नाही. मग गाडी डावी-उजवीकडे कशाला, खालीच जाऊ दे. घाट तसाच तर असतो. आम्ही परतीची, म्हणजे कराडहून चिपळूणला घाट उतरणारी गाडी घेतली. रस्ता नागमोडी. एका वळणाला गाडी उजवीकडे, पुढच्याला डावीकडे, आणि वाचणारा बोटानं पडदा वर ढकलत गाडीबरोबर घाट उतरतो. मुक्तानं एकच उभी चौकट काढली, चार हजार पिक्सेल लांब, तीन वळणांची. त्यात काळोख, पाऊस आणि दोन दिव्यांचे पिवळे झोत. सगळ्या भागात माझं सर्वांत आवडतं चित्र ते. तेव्हा त्या चित्रावर माझे पाच फुगे होते.

तर ते फुगे, आणि तो पिऊन आलेला कंडक्टर.

अक्षरं अशी का मोडतात, ते मला गावातल्या एका डीटीपीवाल्यांनी समजावलं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या हल्लीच्या पद्धतीत, ‘ति’ साठवताना आधी त साठवतात आणि मागून ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना तिला उचलून त च्या आधी नेणं, पाय मोडक्या ट ला पुढच्या ट शी जोडणं, हे काम एक वेगळी यंत्रणा करते. हार्फबझ ही त्यातली मोफत मिळणारी यंत्रणा. सॉफ्टवेअरनं ती नीट जोडली नसेल, तर साठवलेल्या क्रमानंच अक्षरं ओळीत उभी राहतात. वेलांटी त च्या नंतर येते आणि तिची कमान पुढच्या क वर पडते. “म्हणून तर आम्ही अजून श्रीलिपी सोडत नाही,” ते म्हणाले. श्रीलिपी म्हणजे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे आणि जोडाक्षरं ही स्वतंत्रच चिन्हं असतात, बटण दाबलं की उमटतात, सॉफ्टवेअरला मराठी कळो न कळो. त्यांनीच इंकस्केप नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर सुचवलं, तेही फुकट. तिथं अक्षरं एकदम शहाण्यासारखी बसली. तिथं फुगा करायचा आणि चित्र म्हणून उचलून आणायचा.

चला, प्रश्न सुटला म्हणून आम्ही भजी केली. दुसऱ्या दिवशी भरलेली चौकट पाहिली तर ती नोटीस बोर्डासारखी दिसत होती. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा ‘मुक्ता’ फॉन्ट लावला होता, नावामुळेच. स्वच्छ, वाचायला सोपा. पण घाटातल्या पावसात तो महावितरणच्या बिलासारखा वाटायचा. मुक्तानं मुक्ताला नापास केलं. ‘कलम’ नावाचा हातानं लिहिल्यासारखा एक फॉन्ट आहे, तो बरा वाटला. तरी काहीतरी खुपत होतं. इंग्रजी कॉमिक्स शेजारी ठेवून बघितल्यावर ते कळलं. त्यांच्याकडे सगळी अक्षरं कॅपिटल, विटा रचाव्या तशी सारख्या उंचीची. ओळीवर ओळ चिकटून बसते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. दोन ओळींत जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला लाथा मारतो. जागा सोडली तर फुगा दीडपट. त्यात मराठीचे प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. ‘स्टँडवरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द आहे. तो अरुंद फुग्यात कुठं तोडणार? कुठंही तोडला तरी गळा कापल्यासारखा दिसतो.

“तूच लिही ना हातानं,” मुक्ता म्हणाली. “पासबुकावर लिहितेस तसं.”

माझं अक्षर चांगलं आहे, हे खोटं कशाला सांगू. पतसंस्थेत कॉम्प्युटर यायच्या आधीची खतावणी माझ्याच हातची आहे. मी तयार झाले. पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनं रेघा मारायच्या, काळ्या जेल पेननं लिहायचं, पेन्सिल खोडायची, खिडकीजवळ नेऊन फोटो काढायचा. मग मुक्ता त्यातला करडेपणा मारून नुसतं काळं-पांढरं उरवायची आणि वरच्या लेयरवर बसवायची. ओळी मध्यावर यायला हव्यात, वरची ओळ लहान, मधली मोठी, खालची लहान, म्हणजे फुगा गोल राहतो. ते पहिल्या फटक्यात कधीच जमत नाही. एका फुग्याला पाऊण तास जायचा. असे बावन्न फुगे होते.

तिसऱ्या रात्री अकराव्या फुग्याला बसले होते. म्हाताऱ्याचं वाक्य होतं, ‘अहो मास्तर, ह्या पिशवीत आमच्या शेतातली ताजी ताजी वांगी आणि दोन दुधी आहेत, दुसरं तिसरं काही नाही.’ चार वेळा लिहिलं, चारही वेळा ‘दुसरं तिसरं’ फुग्याच्या बाहेर. पाचव्यांदा मी पेन उचललं आणि लिहिलं, ‘वांगी हायत.’ खाली मुक्तानं पिशवी काढली होती आणि तिच्यातून एक पिवळा पाय बाहेर आलेला. मी ते दोन शब्द आणि तो पाय बराच वेळ बघत बसले. मग उठून आधीचे दहा फुगे काढले आणि त्यातलेही शब्द उडवायला घेतले.

मुक्ताला सकाळी दाखवलं. ती फक्त “हं” म्हणाली. दोन दिवस अबोला धरूनही जे झालं नव्हतं, ते एका जेल पेननं केलं, हे तिला कळलं असणार. पण ती बोलली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

जानेवारीत कुडाळला लग्न होतं, त्या निमित्तानं पिंगुळीला जाऊन आलो. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतातले प्रसंग काढलेले असतात, एका गोष्टीच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र समोर धरून गोष्ट गातो. मोठमोठे डोळे, बाजूनं दिसणारे चेहरे, ठसठशीत रेघ. मुक्ता एका चित्रासमोरून हलेना. मला वाटलं डोळ्यांची तऱ्हा बघतेय. ती म्हणाली, “वहिनी, पोथी म्हणतात आणि चित्रांत अक्षर एकही नाही.” शब्द सगळे गाणाऱ्याच्या तोंडी. आमच्याकडे गाणारा नाही हे खरं, पण घरी आल्यावर घाटाच्या त्या लांब चित्रावरचे पाचही फुगे मी स्वतःहून काढून टाकले. सगळ्या भागात शेवटी एकोणतीस फुगे उरले. त्यातले सात एकेका शब्दाचे.

वाचलेली जागा आवाजांनी भरली, आणि ते काम सुखाचं होतं. या बाबतीत मराठी श्रीमंत आहे बघा. दार लागलं तर धाडकन की खाडकन? पत्र्याचं दार असेल तर धाडकन, कडी असेल तर खाडकन. पाऊस रिपरिप, टपटप, की धो धो? टपावरचा वेगळा, काचेवरचा वेगळा. कोंबडा पिशवीतून सुटतो तेव्हा ‘फडफड’ लिहिलं होतं, मुक्तानं ते ‘फडाफडाफड’ केलं आणि अक्षरं चौकटीबाहेर उडवली, फ छोटा आणि शेवटचा ड दोन माणसांएवढा. ब्रेक लागतो तिथं ‘कर्रर्र’ आहे. त्यातल्या रफारांची तिनं घसरणाऱ्या टायरच्या खुणांसारखी माळ केली. ही अक्षरं मी नाही, तिनंच काढली. ती तिच्या मते अक्षरं नाहीतच.

मेमध्ये भाग तयार झाला. घाटाची उभी चौकट आहे म्हणून आम्हाला सलग लांब पट्टीच हवी होती. इन्स्टाग्रामवर तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं बसायची आणि तीही आडवी सरकवायची, म्हणजे घाटाचे तुकडे. शेवटी स्वतःचं साधंसं पान केलं आणि पट्टीचे काप एकाखाली एक लावले. प्रत्येक दोन कापांमध्ये एक पांढरी रेघ दिसायला लागली, केसाएवढी. ती घालवायला मुक्ताच्या एका माजी विद्यार्थ्यानं दहा मिनिटं घेतली आणि आम्ही तीन दिवस. मग मी उत्साहानं सगळी पट्टी फोटो म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. फोनवर पाठवताना फोटोचा आकार आवळला जातो. लांब पट्टीचा तर शेवयासारखा धागा झाला. मावससासूबाईंनी ‘छान पाककृती’ असं उत्तर दिलं. नंतर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तेव्हा अक्षरं वाचता आली. पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस जणांनी वाचलं, त्यातले तीसेक आमचेच.

अण्णांना आम्ही मुद्दाम शेवटी दाखवलं. मुक्तानं फोन त्यांच्या हातात दिला आणि आम्ही दोघी दारात उभ्या. ते चष्मा लावून एकेक चौकट बघत होते, बोटानं हळूहळू सरकवत. पिवळ्या पायापाशी हसले. घाटात आल्यावर बोट थांबलं, खाली गेलं, परत वर आलं, परत खाली गेलं. पुढे एका चौकटीपाशी मात्र ते फोन डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागले.

“ही गाडी कुठल्या डेपोची गो? अमेरिकेच्या?”

गाडीच्या आतली चौकट होती, मागच्या सीटवरून दिसणारी. ड्रायव्हर डावीकडे बसला होता. दार उजवीकडे. काय झालं ते मुक्ताला क्षणात कळलं. चित्रातला वाकडेपणा पकडायला ती मधूनमधून कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटा करून बघते. रोज तेच बघून डोळा मेलेला असतो, उलटं केलं की चुकलेले खांदे, तिरके डोळे लगेच दिसतात. ती चौकट तिनं तशी उलटी केली आणि परत सुलटी करायची राहिली. अक्षरं मी नंतर चढवली, ती सुलटी, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. दार डावीकडे की उजवीकडे यावर महिनाभर डोकं फोडणाऱ्या आम्ही दोघी! मुक्ता तोंड झाकून खाली बसली.

अण्णा पुढे गेले. शेवटची चौकट: कोंबडा सापडलाय, म्हाताऱ्यानं लगेजचे पैसे दिलेत, कंडक्टर दोरी ओढतोय आणि वर मोठ्या अक्षरांत ‘टिंग टिंग’. तिथं ते पुन्हा थांबले. म्हटलं, आता दोरी चुकली की काय.

“पाऊस आहे ना ह्यात?”

“हो अण्णा.”

“मग घंटी कशी वाजेल? पावसात दोरी भिजून फुगायची. ओढली तरी घंटी हलत नसे.” त्यांनी फोन खाली ठेवला, चष्म्याचं घर उचललं आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर दोनदा ठोकलं. “चिमट्यानं दांड्यावर मारायचो आम्ही. असं. ड्रायव्हरला तेवढं पुरायचं.”

मुक्तानं आतली चौकट त्याच रात्री सुलटी केली. तिनं भिंतीवरच्या नऊ अण्णांखाली एक पट्टी चिकटवली आहे, ‘दार डावीकडे’, आणि बाण. शेवटच्या चौकटीतला हात नव्यानं काढायला तिला दोन दिवस लागले. दोरी गेली, चिमटा आला. ‘टिंग टिंग’ मी पुसलं. त्या जागी ‘खट् खट्’ लिहिलंय, आणि त्यातला पाय मोडका ट हवा तसा तुटक यायला माझे सहा कागद गेले.